व्यापारी इंग्रजीतील वाक्संप्रदाय आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी यंदा आम्हांस व्याख्यानाची आज्ञा करताना "काहीतरी उपयोगाचे बोला" असे बजावून सांगितले. यापूर्वी दोन मेळाव्यांत आम्ही संतवाङ्मयावर बोललो होतो, त्याचाच हा परिणाम असावा! ते असो. आम्ही पडलो साधे शाळामास्तर. आमच्या वेळी परीक्षा दहावीची झाली होती, तरी घरची वडीलधारी मंडळी तिला मॅट्रिकच म्हणत. तेवढ्या पुंजीवर शिक्षकाची पदविका घेतली आणि पस्तीस वर्षे पाचवी ते सातवीच्या मुलांस इंग्रजी शिकविले. तेव्हा आमच्याजवळ जे आहे तेच आपणांपुढे ठेवतो. आजचा विषय आहे व्यापारधंद्यात व कचेरीत नित्य कानी पडणारे इंग्रजी वाक्संप्रदाय, आणि ते शिकावे कसे.

आपल्या ज्ञातीची ओळख हातोडा आणि तागडी या दोन वस्तूंची. आता काळ पालटला आहे. आपली मुले-मुली पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या कंपन्यांत नोकरीस आहेत. कोणी औद्योगिक वसाहतीत स्वतःचे कारखाने घातले आहेत. आपल्या कित्येक भगिनी घरबसल्या मोबाईलवर मागणी घेऊन मसाले, गोधड्या व पितळी वस्तू परमुलखात पाठवीत आहेत. पदव्या आहेत, हुशारी आहे, कष्टाची तयारी तर रक्तातच आहे. तरीही यांपैकी अनेकांनी आम्हांस एकच तक्रार ऐकविली : "गुरुजी, शब्द सगळे कळतात, वाक्य कळत नाही."

या तक्रारीत मोठे मर्म आहे. शब्द कळूनही वाक्य कळत नाही, तेथे बहुधा वाक्संप्रदाय दडून बसलेला असतो. "त्याने हात वर केले" या मराठी वाक्यात अवघड शब्द एकही नाही. परंतु नुकतेच मराठी शिकू लागलेल्या परदेशी गृहस्थास ते सांगा. वर्गातल्या मुलाप्रमाणे कोणी हात वर करून काही विचारीत आहे, असेच त्यास वाटेल. त्या माणसाने आपली जबाबदारी झटकली, हा अर्थ त्यास कोठल्याही शब्दात सापडणार नाही. तो अर्थ आपल्या समाजाच्या वहिवाटीत आहे. वाक्संप्रदाय म्हणजे असा वहिवाटीने ठरलेला अर्थ. व्याकरणाने तो उकलत नाही. तो माहीत असावा लागतो.

व्यापाराची भाषा आणि असे सांकेतिक बोलणे यांचे नाते आपणांस नवे नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो घात झाला, त्याची बातमी नानासाहेब पेशव्यांस कळली ती एका सावकारी पत्रातून, हे आपण शाळेत वाचले आहे. पत्रात लढाईचा उल्लेख नव्हता. दोन मोती गेले, मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा यांची तर गणतीच नाही, असा त्या मजकुराचा आशय. मोती म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार आणि खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई, हे ज्यांस समजावयाचे त्यांस समजले. अनोळखी माणसाच्या हाती ते पत्र पडते, तर एका सावकाराची पेढी बुडाली एवढेच त्यास वाटले असते. शब्द तेच, पण जाणत्यास एक अर्थ आणि नेणत्यास दुसरा. आपली मुले आज इंग्रजी पत्रव्यवहारात कित्येकदा त्या नेणत्याच्या जागी बसलेली असतात.

आता हे इंग्रजी वाक्संप्रदाय आले कोठून, ते पाहू. ज्या समाजाचा जो उद्योग, त्याच उद्योगातून त्याची भाषा दृष्टान्त उचलते. आपल्याकडे "भट्टी जमली", "एकाच मुशीतले", "कसास उतरला" हे शब्दप्रयोग आपल्यासारख्या कारागिरांनीच भाषेला दिले. इंग्रज हा दर्यावर्दी. त्याची पुष्कळ बोली जहाजावरून उतरलेली आहे. शिडाच्या जहाजावर दोरखंडांचे जाळे असे. कोणता दोर कशाचा हे नव्या खलाशाने आधी शिकावे लागे. म्हणून नव्या कामाची माहिती करून घेणे यास "लर्निंग द रोप्स" म्हणतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेब असे म्हणाला, तर दोर आणावयास धावू नये! "बाय अँड लार्ज", म्हणजे सामान्यपणे पाहता, हाही शिडांचाच शब्द. सर्वांनी एकदम कामास लागावे, यास "ऑल हँड्स ऑन डेक" म्हणतात. तेथे हँड्स म्हणजे खलाशी आणि डेक म्हणजे जहाजाची वरची फळी.

दुसरे मोठे कोठार चोपडीचे. हे आपणांस अगदी घरचे वाटेल. तोटा लाल शाईने आणि शिल्लक काळ्या शाईने लिहिण्याची पद्धत होती; त्यावरून धंदा तोट्यात असला तर "इन द रेड" आणि फायद्यात असला तर "इन द ब्लॅक" म्हणतात. येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे काळा पैसा, काळा बाजार हे शब्द वाईट अर्थाचे. म्हणून एखादी कंपनी "इन द ब्लॅक" आहे असे वाचून ती लबाडीचा धंदा करते असे कोणी समजू नये. नफातोट्याच्या पत्रकातील अगदी शेवटची ओळ ती "बॉटम लाइन". सर्व वजाबाक्या होऊन हाती काय उरले, ते ती सांगते. त्यावरून कोणत्याही चर्चेचे अखेरचे सार यासही तोच शब्द लावतात. ना नफा ना तोटा या स्थितीस "ब्रेक ईव्हन" म्हणतात. "मेक बोथ एन्ड्स मीट" यास तर आपल्याकडे तोलास तोल असा शब्द आहे : जमाखर्चाची तोंडमिळवणी करणे. दोन्ही भाषांनी दोन टोके जुळविण्याचेच चित्र पाहिले आहे. संसार इकडचा काय आणि तिकडचा काय, महिनाअखेरीस सारखाच!

सरकारी कचेरीतील कागदांचे गठ्ठे लाल फितीने बांधीत. त्यावरून दिरंगाईच्या कारभारास "रेड टेप" हे नाव पडले, आणि आपण त्यावरून लालफीत व लालफीतशाही असे शब्द घडविले. करारपत्राच्या तळाशी बारीक टाइपात छापलेल्या अटी म्हणजे "फाइन प्रिंट". हा शब्द ज्यास ठाऊक नाही त्याने कर्जाच्या कागदावर सही करू नये, असे आम्ही म्हणू.

तिसरे कोठार खेळांचे, आणि येथेच आपली मुले विशेष अडखळतात. क्रिकेट आपल्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे "स्टिकी विकेट" म्हटले की पावसाने ओली झालेली, फलंदाजाला नकोशी वाटणारी खेळपट्टी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, आणि बिकट प्रसंग हा अर्थ सहज कळतो. परंतु अमेरिकेत खेळतात बेसबॉल. तो आपण पाहिलेलाही नाही. "बॉलपार्क" म्हणजे बेसबॉलचे मैदान. "बॉलपार्क फिगर" म्हणजे अजमासे आकडा. गिऱ्हाइकाने असा आकडा मागितला, तर पैशापर्यंतचा हिशेब करीत तीन दिवस घालवू नयेत. अदमास कळवावा आणि तो अदमास आहे हे स्पष्ट लिहावे. "टच बेस" म्हणजे थोडक्यात बोलून घेणे. टेनिसवरून आलेला "द बॉल इज इन युवर कोर्ट" म्हणजे आता पुढचे पाऊल तुम्ही उचलावयाचे. आमच्या परिचयाचे एक दुकानदार हे वाक्य वाचून घाबरून गेले होते. कोर्ट हा शब्द पाहताच त्यांनी वकिलाचा पत्ता शोधावयास आरंभ केला! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे खरे, पण हे कोर्ट निराळे.

जुगाराच्या पत्त्यांनीही बरीच भर घातली आहे. पोकर नावाच्या खेळात निळ्या चकतीची किंमत सर्वांत अधिक धरीत. त्यावरून भक्कम, नावाजलेल्या कंपनीच्या शेअरास "ब्लू चिप" म्हणतात. त्याच खेळात पत्ते वाटण्याची पाळी कोणाची हे दाखविण्यासाठी एक खूण पुढे सरकवीत. तिला "बक" म्हणत. त्यावरून आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे यास "पासिंग द बक" असे नाव पडले. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी आपल्या मेजावर "द बक स्टॉप्स हिअर" अशी पाटी ठेवली होती. जबाबदारी याच्यापुढे कोठे जाणार नाही, ती येथेच थांबते, असा तिचा अर्थ. प्रत्येक संस्थेच्या चिटणीसांच्या मेजावर अशी एक पाटी असावी, असे आम्हांस वाटते. आमच्या चिटणीसांनी हे हसतच घ्यावे.

सर्वच गोष्टी अशा खेळीमेळीच्या नाहीत. आज जो तो "डेडलाइन" म्हणतो. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६४ च्या सुमारास, अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत एक मर्यादारेषा आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकरी गोळी घालीत. ती डेडलाइन. आज तो शब्द केवळ मुदत या अर्थी उरला आहे. शब्दांची धार काळाने अशी बोथट होते.

आता आमच्या सांगण्याचा मुख्य भाग येतो. हे संप्रदाय पाठ करण्यापूर्वी त्यांच्याशेजारी आपले संप्रदाय मांडून पाहावेत. काही अगदी जुळे भाऊ निघतात. "पेनी वाइज, पाउंड फूलिश" म्हणजे आपले "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा". "रॉबिंग पीटर टु पे पॉल" म्हणजे "याची टोपी त्याच्या डोक्यावर". "अ पिग इन अ पोक" म्हणजे पोत्यातले डुकराचे पिल्लू न पाहता विकत घेणे. आपल्याकडे "पाण्यात म्हैस, बाहेर मोल". शेअरबाजारात मंदीवाल्यास "बेअर", म्हणजे अस्वल, का म्हणतात? अस्वल मारण्याआधीच त्याचे कातडे विकू नये, अशी जुनी इंग्रजी म्हण आहे. हाती नसलेला माल विकून ठेवणाऱ्यास त्यावरून ते नाव पडले. आता आपली "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी" ही म्हण आठवा. तिकडे अस्वल, इकडे तुरी, वेडेपणा तोच. "कॅश काऊ" म्हणजे थोडक्या खर्चात नियमित पैसा देणारा धंदा. आपल्या दुभत्या गाईच्या लाथाही गोड लागतात, हे आपण त्याच्याही पुढे जाऊन सांगून ठेविले आहे.

परंतु काही सारखे दिसतात आणि सारखे नसतात. "स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट" हा उपदेश आहे; योग्य वेळ साधा, एवढेच त्यात आहे. आपल्याकडे "तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे" यात मात्र दुसऱ्याच्या प्रसंगाचा लाभ उठविण्याचा वास येतो. तेव्हा मराठीचे शब्दशः इंग्रजी करणे आणि इंग्रजीचे शब्दशः मराठी करणे, दोन्ही सारखीच धोक्याची. "त्याने आमच्या तोंडाला पाने पुसली" हे कोणी इंग्रजीत शब्दशः लिहील, तर वाचणाऱ्यास तो काही औषधोपचाराचा प्रकार वाटेल!

सर्वांत जपावयाचे ते गोड शब्दांपासून. आपण कामावरून काढलेल्या माणसाला "नारळ दिला" म्हणतो. मंगलकार्यात ज्या नारळाने सन्मान करावयाचा, त्याच नारळाने निरोपही द्यावयाचा! इंग्रजी साहेब तेच "वुई हॅव टु लेट यू गो" अशा मऊ शब्दांत सांगतो. आपणांस जाऊ दिले, एवढाच त्याचा शब्दार्थ. खरा अर्थ, उद्यापासून येऊ नका. आपल्या ज्ञातीतील एका मुलीस दूरच्या वरिष्ठाने संगणकाच्या पडद्यावरून हे वाक्य ऐकविले. आज लवकर घरी जाण्याची परवानगी मिळाली असे समजून तिने आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दारावर तिचे ओळखपत्र चालेना. त्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीच्या मनाची अवस्था काय झाली असेल? नोकरी गेली हे दुःख तर होतेच. पण आपण काल आभार मानले, या आठवणीने ती अधिक रडली, असे तिच्या मातोश्रींनी आम्हांस सांगितले.

दुसरी हकीकत धंद्यातली. ती मंडळी आज या मांडवात आहेत आणि त्यांच्या संमतीनेच सांगतो. नाव घेत नाही. दोघे भाऊ, पितळी समया व घंटा यांचा कारखाना, धाकटा वाणिज्य शाखेचा पदवीधर. परदेशातील एका दुकानदाराने माल पाहिला, वाखाणला, आणि चैत्रात पत्र धाडले. त्यात एक वाक्य होते : या मागणीबाबत "वुई विल हॅव टु टेक अ रेन चेक". रेन म्हणजे पाऊस. चेक म्हणजे धनादेश. धनादेश पावसाळ्यात येणार, असा भावांनी अर्थ लावला. पतसंस्थेचे कर्ज काढून पितळ घेतले. थोरल्या वहिनींच्या पाटल्या तारण गेल्या. आषाढापर्यंत माल चकचकीत करून पेट्यांत भरला. आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपदात गणपती बसले आणि उठले. धनादेश काही आला नाही. अखेर त्यांनी विचारणा केली, तेव्हा नम्र उत्तर आले की आम्ही तर आपणांस तेव्हाच नकार कळविला होता.

यात त्या दुकानदाराचा काही दोष नाही. बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला, तर प्रेक्षकांस पुढे कधीतरी येण्याची मुभा देणारी चिठ्ठी मिळत असे. ती रेन चेक. तिच्यावरून "आज जमत नाही, पुढे कधी पाहू" असा सभ्य नकाराचा अर्थ रूढ झाला. तो माल दोन दिवाळ्यांत इकडच्याच बाजारी पडत्या भावाने विकावा लागला. व्यवहार आतबट्ट्याचा ठरला, आणि पाटल्या घरी यावयास दोन वर्षे लागली.

आम्ही धाकट्यास विचारले, "बाबा रे, तुला शंका आली नव्हती काय?" तो म्हणाला, "आली होती, गुरुजी. पण विचारले, तर एवढा शिकलेला आणि हे कळत नाही, असे समोरच्यास वाटेल, म्हणून विचारले नाही."

बंधुभगिनींनो, त्या पाटल्या इंग्रजी न आल्यामुळे गेल्या नाहीत. विचारण्याची लाज वाटल्यामुळे गेल्या. आजच्या सबंध व्याख्यानातून एकच वाक्य घरी न्यावयाचे असेल, तर हे न्यावे. वाक्संप्रदाय न समजणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. प्रत्यक्ष इंग्रजी ज्यांची मातृभाषा, तेही त्यात फसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या बैठकीत एक टिपण "टेबल" करावे की नाही यावर बराच वेळ वाद झाला. ब्रिटिशांच्या बोलीत टेबल करणे म्हणजे चर्चेस घेणे. अमेरिकनांच्या बोलीत ते बाजूस ठेवणे. दोन्ही पक्षांस एकच गोष्ट हवी होती, आणि तरीही ते भांडत होते! ही हकीकत चर्चिल यांनी आपल्या महायुद्धाच्या इतिहासात नमूद केली आहे, आणि याच चर्चिलना १९५३ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. जेथे अशांच्या सेनापतींनी ठेच खाल्ली, तेथे आपल्या धाकट्या भावाने "याचा अर्थ काय, कृपा करून स्पष्ट कराल काय?" असे विचारण्यात कसला कमीपणा?

आता शिकण्याची रीत. आम्हांस वर्गात जी उपयोगी पडली, तीच सांगतो.

पहिली गोष्ट, एक वही घालावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत. पहिल्यात संप्रदाय संपूर्ण वाक्यात लिहावा, दुसऱ्यात तो कोणत्या उद्योगातून वा खेळातून आला ते, आणि तिसऱ्यात आपल्याकडचा त्याचा सोबती. दिवसाला एकच. दहा पाठ केले तर दहाही विसरतात. एक मुरवला तर तो जन्माचा सोबती होतो. तिसरा रकाना कधी कधी रिकामा राहील. तो रिकामाच ठेवावा. उगाच ओढूनताणून भरू नये.

दुसरी गोष्ट, संप्रदायातील शब्द बदलू नये. "हत्ती गेला आणि शेपूट राहिले" यात हत्तीच्या जागी उंट घातला, तर प्राणी तेवढाच मोठा राहील पण म्हण मरेल. तसेच "रेड टेप" चे "रेड रिबन" केले की गेले.

तिसरी गोष्ट, समजण्यासाठी पुष्कळ शिकावे आणि वापरावे थोडे. दुसऱ्याचे पत्र उलगडावयास शंभर संप्रदाय हवेत. आपले पत्र लिहावयास एकही लागत नाही. दर, वजन, तारीख, रक्कम हे साध्या शब्दांत आणि आकड्यांत लिहावे. करारपत्रात अलंकार शोभत नाहीत. शाळेत आम्ही मुलांकडून मुसळधार पावसासाठी "इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" घोकून घेत असू. एवढ्या वर्षांत एकाही व्यापारी पत्रात आम्ही ती मांजरे-कुत्री पाहिली नाहीत.

चौथी गोष्ट, आपल्या देशात रुळलेली इंग्रजी आणि परदेशातील इंग्रजी यांतील भेद ओळखावा. "प्लीज डू द नीडफुल" हे आपल्या कचेऱ्यांतून सर्रास चालते; परदेशी वाचकास ते चमत्कारिक वाटते. उत्तर देणे या अर्थी आपण "रिव्हर्ट" म्हणतो. तिकडे त्या शब्दाचा अर्थ पूर्वस्थितीस जाणे असा घेतात. परंतु म्हणून आपली इंग्रजी सगळीच टाकाऊ समजू नये. तारीख अलीकडे आणणे यासाठी आपण योजलेला "प्रीपोन" हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशानेही स्वीकारला आहे.

पाचवी आणि शेवटची गोष्ट मघाशी सांगितलीच : विचारा, आणि लेखी विचारा. "आपल्या वाक्याचा अर्थ आम्ही असा समजलो, बरोबर आहे ना?" एवढ्या एका ओळीत दोन वर्षांचे व्याज वाचते.

येथे कोणी आक्षेप घेईल, की इंग्रजांचे राज्य जाऊन इतकी वर्षे लोटली, मग त्यांच्या म्हणी आम्ही का घोकाव्या? आक्षेप अभिमानाचा आहे, म्हणून आदरणीय आहे. पण इंग्रज येथे आला तेव्हा त्याने काय केले, तेही पाहावे. मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, १८३१ साली तो प्रसिद्ध झाला, आणि आज पावेतो मराठी पंडित त्याचा आधार घेतात. मॅन्वेरिंग नावाच्या पाद्र्याने आपल्या मराठी म्हणी गोळा केल्या, त्यांचे भाषांतर केले, आणि १८९९ साली ते पुस्तक ऑक्सफर्डला छापविले. परक्याची बोली शिकण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. तो आपण का मानावा? तागडी हाती धरणाऱ्याने गिऱ्हाइकाची भाषा बोलावी, हा तर आपल्या वाडवडिलांचाच शिरस्ता. बाजारच्या दिवशी ते कानडी माणसाशी कानडीत आणि गुजराती पेढीवाल्याशी गुजरातीत बोलत. त्यात त्यांची मराठी काही झिजली नाही.

उलट भीती आम्हांस दुसरीच वाटते. आजच्या मुलांस "बॉटम लाइन" कळते, पण गंगाजळी म्हणजे काय ते सांगता येत नाही. गंगेचे पाणी जसे देवघरात जपून, न खर्चता ठेवावे, तशी अडीअडचणीसाठी राखून ठेविलेली शिल्लक ती गंगाजळी. किती सुंदर शब्द! कीर्द, खतावणी, बट्टा, भवानी हे शब्द आपल्या आजोबांच्या पिढीबरोबर निघून चालले आहेत. वहीतील तिसरा रकाना भरावयास ते हवेत. ज्यास स्वतःचे संप्रदाय ठाऊक नाहीत, त्यास परक्याचे तोलावयास वजनेच नाहीत.

यास्तव मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. दर रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात तासभर बैठक भरवावी. तरुणांनी आठवड्यात वाचलेले, न समजलेले वाक्य घेऊन यावे. जुन्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी आपले शब्द घेऊन यावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे. शुल्क नसावे, परीक्षा नसावी, आणि कोणत्याही प्रश्नास हसू नये हा एकच नियम असावा. शिकविण्याचे काम, शरीर साथ देईल तोवर, आम्ही आनंदाने करू. जी गोष्ट आपल्या माणसांत विचारण्याची सवय झाली, ती परक्यास विचारताना जीभ अडखळत नाही.